'पुरुषाचे वस्त्र' : एका निषेधाचा शब्देतिहास

ख्रिस्ती स्त्रीने विजार किंवा पाटलोण घालावी की घालू नये, हा वाद वरवर पाहता विसाव्या शतकाचा वाटतो. कारखान्यात काम करणारी, सायकल चालवणारी, पर्वतारोहण करणारी स्त्री दिसू लागल्यावर धर्मगुरूंनी तिच्या पोशाखाविषयी चिंता व्यक्त करावी, हे त्या काळाला धरूनच झाले. परंतु ह्या वादात दोन्ही बाजू ज्या आधारावर उभ्या राहतात तो आधार फार जुना आहे. तो म्हणजे जुन्या करारातील ज्या ग्रंथाला मराठी बायबलात 'अनुवाद' असे नाव आहे, त्याच्या बाविसाव्या अध्यायातील पाचवे वचन. स्त्रीवर पुरुषाची वस्तू असू नये, पुरुषाने स्त्रीचे वस्त्र नेसू नये, आणि असे करणारा देवाला वीट आणतो, असा त्या वचनाचा आशय आहे. ग्रंथाचे मराठी नाव येथे सूचक ठरते. 'अनुवाद' म्हणजे मागाहून पुन्हा सांगणे. आणि ह्या एका वचनाचा इतिहास म्हणजे ते पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या भाषांत, निरनिराळ्या लोकांनी सांगण्याचाच इतिहास होय.

ह्या वादात नेहमी एकत्र येणाऱ्या दोन कल्पना आरंभीच वेगळ्या करणे इष्ट आहे. मराठीतील 'मर्यादा' हा शब्द त्यासाठी उपयोगी पडतो. मूळ संस्कृतात तो शेताच्या किंवा समुद्राच्या सीमेचा वाचक आहे. पुढे त्याला शालीनता, आदब, लज्जा हे अर्थ चिकटले. स्त्रीच्या वेषाविषयी 'मर्यादा' म्हणताना कधी अंग झाकले जाणे अभिप्रेत असते, तर कधी स्त्री आणि पुरुष ह्यांच्यामधली सीमा राखली जाणे अभिप्रेत असते. ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. घोळदार विजार अंग पूर्णपणे झाकते, तरी ती सीमा ओलांडते असे म्हणता येते. उलट तोकडा झगा स्त्रीचाच असतो, पण अंग झाकत नाही. अनुवादातील वचन सीमेविषयी बोलते. अंग झाकण्याविषयी त्यात एक शब्दही नाही. अंगावरच्या वेषातील विनयाविषयी जे वचन उद्धृत केले जाते ते नव्या करारात, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तेथील ग्रीक शब्द 'कातास्तोले', 'आयदोस' आणि 'सोफ्रोसिने' हे अनुक्रमे वेषभूषा, लज्जा आणि संयम ह्या अर्थांचे आहेत. मात्र लागलीच जी उदाहरणे येतात ती केसांच्या वेण्या, सोने, मोती आणि भारी किमतीची वस्त्रे ह्यांची आहेत. म्हणजे पत्रकर्त्याचा रोख उघडेपणापेक्षा श्रीमंतीच्या प्रदर्शनावर आहे. ह्या दोन वचनांची सांगड घालून 'पाटलोण अविनयी आहे' हा निष्कर्ष काढणाऱ्याला मध्ये बरेच काही स्वतःचे घालावे लागते; आणि जे घालावे लागते ते कोठून येते, हाच इतिहासाचा प्रश्न आहे.

प्रथम मूळ शब्दांकडे वळावे. हिब्रू वचनाच्या दोन चरणांत दोन वेगळे शब्द आहेत, ही गोष्ट भाषांतरांत बहुधा लोपते. पुरुषाला जे वर्ज्य आहे ते 'सिम्लत इश्शा', म्हणजे स्त्रीचे वस्त्र. 'सिम्ला' हा शब्द निःसंशय कपड्याचा आहे. पण स्त्रीला जे वर्ज्य आहे ते 'केली गेवेर'. 'केली' ह्या शब्दाचा आवाका फार मोठा आहे. भांडे, हत्यार, अवजार, वाद्य, दागिना, सामान, ह्या सर्वांना जुन्या करारात 'केली' म्हटले आहे. मराठीत 'चीजवस्तू' किंवा 'सरंजाम' म्हणताना जो सैलपणा येतो तसाच तो आहे. 'गेवेर' हा शब्दही साध्या नराचा नव्हे. त्याचा धातू सामर्थ्याचा असून समर्थ पुरुष, प्रसंगी योद्धा, अशी त्याची छटा आहे. तेव्हा 'केली गेवेर' म्हणजे पुरुषाचे वस्त्र, की पुरुषाची आयुधे, की पुरुषाच्या अंगावर असते ते सर्व काही, हे शब्दावरून ठरत नाही.

यहुदी परंपरेला ही अडचण चांगली ठाऊक होती. ओंकेलोसच्या अरामी भाषांतरात स्त्रीवर पुरुषाचा शस्त्रसाज असू नये, असाच अर्थ केला आहे. तालमुदाच्या 'नाझीर' ह्या प्रकरणात रब्बी एलिएझर बेन याकोब ह्याचे मत दिले आहे. स्त्रीने शस्त्र घेऊन युद्धास जाऊ नये, हे तो ह्याच वचनातून काढतो. त्याच चर्चेत दुसरेही मत नोंदले आहे, की केवळ कपडा अंगावर चढवणे हे 'वीट आणणारे' कृत्य असू शकत नाही. वेष पालटून परलिंगीयांच्या घोळक्यात जाऊन बसण्याचा हेतू येथे निषिद्ध आहे. अकराव्या शतकातील राशी हा भाष्यकार हाच धागा धरतो. बाराव्या शतकातील मायमोनिदीज मूर्तिपूजकांच्या विधींचा उल्लेख करतो. शुक्र ग्रहापुढे पुरुषाने स्त्रीची रंगीत वस्त्रे आणि मंगळापुढे स्त्रीने चिलखत घालून उभे राहावे, असा तो विधी. येथेही स्त्रीच्या अंगावर आलेली वस्तू शस्त्रसाजाचीच आहे, ही गोष्ट नजरेतून सुटू नये.

ग्रीक भाषांतरकारांनी 'केली'साठी 'स्केवे' हा तितकाच व्यापक शब्द योजला. भांडी, साहित्य, सरंजाम ह्या अर्थांचा. संदिग्धता अशा रीतीने ग्रीकात टिकून राहिली. ती संपली लॅटिनमध्ये. जेरोमच्या भाषांतरात स्त्रीने 'वेस्तिस विरीलिस', पुरुषी वस्त्र, घालू नये असे म्हटले आहे. दोन्ही चरणांत एकच 'वेस्तिस' शब्द आला आणि हिब्रूतील विषम वचन लॅटिनमध्ये समतोल झाले. भाषांतर म्हणून ते कानाला गोड आहे. पण पश्चिम युरोपाने पुढील हजार वर्षे हाच पाठ वाचला, आणि त्या हजार वर्षांत 'पुरुषाची वस्तू' म्हणजे पुरुषाचा कपडा, ह्याविषयी कोणाला शंका घेण्याचे कारण उरले नाही.

आता विजारीकडे यावे. ज्या समाजात हे वचन निर्माण झाले त्या समाजात स्त्रीपुरुष दोघेही अंगरख्यासारखी किंवा पांघरण्याची वस्त्रे वापरीत. वस्त्रातला भेद कापड, रंग, किनार, नेसण्याची रीत ह्यांत असे. दोन पाय निरनिराळे झाकणारे वस्त्र बायबलात अगदीच नाही असे नाही. पण ते अनपेक्षित ठिकाणी आहे. निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात याजकांसाठी 'मिखनासायिम' करावेत अशी आज्ञा आहे. ते तागाचे, कमरेपासून मांडीपर्यंतचे असावेत, आणि वेदीजवळ सेवा करताना याजकाची नग्नता दिसू नये हा त्यांचा हेतू. मराठीतील जुन्या 'चोळणा' ह्या शब्दाने ही वस्तू नेमकी सांगता येते. बायबलात पायांचे वस्त्र प्रथम आज्ञेने येते ते लज्जारक्षणासाठी! जेरोमने त्याला 'फेमिनालिया' म्हटले. हा शब्द 'फेमिना', म्हणजे स्त्री, ह्याच्याशी जोडण्याचा मोह होतो, पण तो मांडीच्या वाचक शब्दापासून आला आहे.

दुसरा उल्लेख दानिएलाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. शद्रख, मेशख आणि अबेदनगो ह्यांना भट्टीत टाकले तेव्हा त्यांच्या अंगावर जे कपडे होते त्यांत 'सरबाल' आहे. हा अरामी शब्द इराणी उगमाचा मानला जातो. त्याचा अर्थ झगा की तुमान, ह्याविषयी मतभेद आहेत, पण ग्रीक पाठातील 'साराबारा' आणि लॅटिनमधील 'ब्राकाए' हे तुमानीचे शब्द आहेत. अरबीतील 'सिरवाल' आणि फारसीतील 'शलवार' ह्याच कुळातले. म्हणजे आज मराठी मुलगी ज्याला सलवार म्हणते तो शब्द बायबलातील तीन श्रद्धावान पुरुषांच्या पोशाखाशी सगोत्र आहे, आणि मधल्या प्रवासात तो शब्द आणि ती वस्तू लिंग बदलून बसली आहेत. असे स्थलांतर कपड्यांच्या शब्दांत नेहमीचेच. अरबीतील 'इझार' हे कमरेभोवती गुंडाळायचे न शिवलेले वस्त्र. आपल्याकडे येईपर्यंत ते शिवलेली इजार आणि मग विजार झाले.

विजार ही घोडेस्वारांची निर्मिती असावी असे पुरातत्त्वावरून दिसते. आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या विजारी मध्य आशियात तुर्फानजवळच्या यांगहाई येथील कबरींतल्या असून त्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या, लोकरीच्या आहेत. ग्रीकांना आणि रोमनांना विजार ही रानटी लोकांची खूण वाटे. चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट होनोरियसच्या काळी रोम शहरात 'ब्राकाए' घालण्यास कायद्याने बंदी झाली. ही बंदी पुरुषांना होती. जेरोम 'वेस्तिस विरीलिस' असे लिहीत होता त्याच सुमाराची ही गोष्ट. त्याच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे त्या शब्दांनी जे चित्र उभे राहिले असेल त्यात विजार खचितच नव्हती. सभ्य रोमन पुरुषाचे वस्त्र म्हणजे झगा.

त्याच शतकात, सुमारे ३४० साली, आशिया मायनरमधील गांग्रा येथे भरलेल्या धर्मसभेने स्त्रियांच्या वेषांतराविरुद्ध पहिला महत्त्वाचा नियम केला. वैराग्याच्या नावाखाली जी स्त्री नित्याचे स्त्रीवस्त्र टाकून पुरुषाचे वस्त्र घेईल ती बहिष्कृत व्हावी, असा तेरावा नियम आहे. सेबास्तेच्या यूस्ताथियसच्या अनुयायांवर ह्या सभेचा रोष होता. हे लोक विवाहाला तुच्छ लेखीत, बायका नवऱ्यांना सोडून जात, दास धन्यांना सोडून जात, स्त्रिया केस कापीत. सभेने ह्या प्रत्येक गोष्टीवर स्वतंत्र नियम केला आहे. त्या रांगेत वेषाचा नियम वाचला म्हणजे त्याचा अर्थ उलगडतो. घर सोडून निघालेली स्त्री, हा सभेपुढील खरा प्रश्न होता. वस्त्र ही त्या निघण्याची निशाणी. ह्यात एक विसंगतीही आहे. ह्याच पौर्वात्य चर्चमध्ये पुरुषवेषात मठात राहिलेल्या मरीना, पेलागिया अशा संत स्त्रियांच्या कथा भक्तिभावाने वाचल्या जात. नियम एकीकडे आणि संतचरित्रे दुसरीकडे, अशी स्थिती अनेक शतके राहिली. धर्माच्या इतिहासात अशी विसंगती म्हणजे ढोंगच असे समजण्याचे कारण नाही; सर्वसामान्यांसाठी एक आणि असामान्यांसाठी दुसरे, ही विभागणी आपल्याकडच्या संतपरंपरेलाही अपरिचित नाही.

विजार आणि ख्रिस्ती स्त्री ह्यांची प्रत्यक्ष गाठ पडली ती नवव्या शतकात बल्गेरियात, आणि ह्या इतिहासातील सर्वांत रसाळ कागद तोच आहे. बल्गार हे मुळात स्टेपच्या प्रदेशातून आलेले घोडेस्वार लोक. त्यांचा राजा बोरिस ह्याने कॉन्स्टँटिनोपलकडून बाप्तिस्मा घेतला, परंतु ग्रीक धर्मगुरूंच्या वर्चस्वाची धास्ती वाटून त्याने ८६६ साली रोमकडे प्रश्नांची एक लांबलचक यादी पाठवली. पोप पहिला निकोलस ह्याने तिला एकशे सहा प्रकरणांत उत्तर दिले. नव्या धर्मात आलेल्या लोकांची घाबरगुंडी ह्या उत्तरांतून आजही जाणवते. बुधवारी आणि शुक्रवारी स्नान करावे की नाही, कमरपट्टा न बांधता प्रसाद घेतला तर पाप लागते काय, डोक्याला फडके गुंडाळून देवळात जावे काय, घोड्याचे शेपूट निशाण म्हणून चालेल काय, असे ते प्रश्न आहेत. काही बाबतींत ग्रीकांनी त्यांना दरडावलेले होते. एकोणसाठाव्या प्रकरणात विजारीचा प्रश्न येतो.

पोपने आरंभीच हा प्रश्न अनावश्यक ठरवला आहे. बल्गारांचा बाह्य पोशाख बदलावा अशी आपली इच्छा नसून त्यांचे अंतःकरण बदलावे अशी आहे, असे तो म्हणतो. तथापि, इतर ख्रिस्ती लोकांच्या चालीपासून तसूभरही ढळलो तर पाप लागेल अशी भीती बाळगून तुम्ही विचारले आहे, म्हणून सांगतो, असा त्याचा सूर आहे. आणि मग तो म्हणतो की आपल्या ग्रंथांत विजार करण्याची आज्ञा आहे ती पुरुषांसाठी आहे, स्त्रियांसाठी नव्हे. येथे त्याच्या मनात निर्गमातील याजकांचे चोळणे आहेत हे उघड दिसते. जुन्या चालीकडून रोमच्या चालीकडे येणे बरे, असेही तो सुचवतो. पण शेवटचा निर्णय निःसंदिग्ध आहे. तुम्हाला रुचेल तसे करा. तुम्ही किंवा तुमच्या स्त्रियांनी विजार घातली अथवा न घातली, तरी त्याने मोक्षाला अडथळा येत नाही आणि पुण्यातही भर पडत नाही.

ह्या उत्तरात तीन गोष्टी एकाच वेळी आहेत आणि त्यांचा क्रम अर्थपूर्ण आहे. ग्रंथात काय आहे ते पोपला ठाऊक आहे. रोमची चाल त्याला अधिक पसंत आहे. आणि तरीही ह्या दोहोंपैकी कशालाही तो मोक्षाच्या प्रश्नाची प्रतिष्ठा देत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ह्या प्रकरणात तो अनुवादातील निषेध पुढे करीतच नाही. बल्गार स्त्रिया विजार घालीत ती बल्गार स्त्रियांची विजार होती. तिला 'पुरुषाचे वस्त्र' म्हणण्याचे निमित्तच त्याला दिसले नसावे. अर्थात निकोलसला उदारमतवादाचा पूर्वसूरी ठरवणे हा कालविपर्यास होईल. कॉन्स्टँटिनोपलशी त्याची स्पर्धा चालू होती. कडक ग्रीकांपेक्षा रोम सौम्य दिसणे त्याच्या हिताचे होते. बल्गारांनी अखेर ८७० साली कॉन्स्टँटिनोपलचाच पक्ष धरला.

पश्चिमेत मात्र पुढे गांग्राचा नियम टिकला. बाराव्या शतकात ग्रेशियनने संकलित केलेल्या धर्मनियमसंग्रहात तो समाविष्ट झाल्याने विद्यापीठांतून त्याचे अध्ययन होऊ लागले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने ह्या विषयाचे जे विवेचन केले ते आजही ह्या वादातील सर्वांत समतोल विवेचन म्हणता येईल. बाह्य पोशाख हा व्यक्तीच्या स्थितीला आणि सर्वसाधारण रूढीला अनुसरून असावा, म्हणून स्त्रीने पुरुषाचा व पुरुषाने स्त्रीचा वेष घेणे हे स्वभावतः दोषास्पद आहे. परंतु शत्रूपासून लपण्यासाठी, दुसरे वस्त्र नसल्यामुळे किंवा अशाच एखाद्या गरजेपोटी ते निर्दोषपणे करता येते, असे त्याचे म्हणणे. 'रूढीला अनुसरून' हे शब्द ह्या वाक्याचा कणा आहेत. ज्या कपड्याला रूढी पुरुषाचा म्हणते तोच पुरुषाचा. कपड्याच्या ठायी स्वतःचे लिंग नाही.

आणि रूढी बदलतच होती. चौदाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील तरुण पुरुषांनी लांब झगा टाकून आखूड डगला आणि पायांना घट्ट बसणारे मोजेवजा चोळणे घालण्यास आरंभ केला, तेव्हा बखरकारांनी नाके मुरडली ती ह्या पुरुषांकडे पाहून. अंग दिसते, लाज सोडली, अशी ओरड झाली. म्हणजे दोन पायांचे वस्त्र पश्चिम युरोपात 'पुरुषाचे' म्हणून रुजले तेच मुळी अविनयाच्या आरोपाखाली. पुरुषांना तो आरोप दोनतीन पिढ्यांत माफ झाला.

ह्या नव्या पुरुषवेषामुळे एका स्त्रीचा जीव गेला. जोन ऑफ आर्क १४३० च्या मे महिन्यात काँपिएन् येथे पकडली गेली आणि १४३१ मध्ये रूआँ येथे बिशप पिएर कोशों ह्याच्यापुढे तिचा खटला चालला. खटल्याचा गाभा वस्त्राचा होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तिला दिसणारे दृष्टान्त आणि चर्चच्या अधीन होण्यास तिचा नकार हे मुख्य मुद्दे होते, आणि त्यामागे इंग्रजांचे राजकारण होते. पण आरोपपत्र वेषाविषयी जितक्या बारकाईने बोलते तितके दुसऱ्या कशाविषयी क्वचितच बोलते. कापलेले केस, सदरा, चोळणा, डगला, आणि डगल्याला वीस नाड्यांनी जखडलेले लांब मोजे, अशी त्यात मोजदाद आहे. एखाद्या शिंप्याचे टिपण वाटावे! तिने स्वतः २७ फेब्रुवारीच्या जबानीत वस्त्र ही अगदी क्षुल्लक बाब असल्याचे सांगितले. स्त्रीवेष घेतल्यास मिस्सेला जाऊ देऊ असे आमिष दाखवले, तेव्हा जमिनीपर्यंत पोचणारा, मागे न लोळणारा झगा द्या, मिस्सेपुरता घालीन आणि परत आल्यावर हाच वेष चढवीन, अशी तोड तिने मार्च महिन्यात सुचवली होती. न्यायाधीशांना ती मान्य झाली नाही.

२४ मे रोजी तिने माघार घेतली आणि स्त्रीवेष धारण केला. २८ मे रोजी न्यायाधीश तुरुंगात गेले तेव्हा ती पुन्हा पुरुषवेषात होती. 'पुन्हा पतित' ह्या ठपक्याला हा उघड पुरावा पुरेसा झाला, आणि ३० मे रोजी तिला जाळण्यात आले. वेष का पालटला ह्याचे उत्तर खटल्याच्या नोंदीत असे आहे, की पुरुषांमध्ये राहायचे असल्यामुळे तिला तो अधिक योग्य वाटला, आणि तिला दिलेली वचने पाळली गेली नव्हती. पुढे निकाल रद्द ठरवण्यासाठी जी चौकशी झाली तीत साक्षीदारांनी पहारेकऱ्यांच्या अंगलटीची आणि तिला वाटणाऱ्या भीतीची हकीकत सांगितली. १४५६ साली तो निकाल रद्द झाला. ज्या वीस नाड्यांचा आरोपपत्रात दोष म्हणून उल्लेख आहे त्याच नाड्या त्या कोठडीत तिच्या अब्रूच्या राखणदार होत्या, हे त्या साक्षींवरून ध्यानात येते. लज्जा आणि सीमा ह्यांचा येथे थेट सामना झाला. न्यायाधीशांनी सीमा राखली. अक्वायनसने सांगितलेला गरजेचा अपवाद त्या पंडितांना ठाऊक नव्हता असे नव्हे. जाँ गेर्सन ह्याच्या नावावर असलेल्या १४२९ मधील एका लेखात जोनच्या वेषाचे समर्थन आधीच केले गेले होते.

त्यानंतरची चार शतके ह्या दृष्टीने फारशी उद्बोधक नाहीत. १८५१ साली अमेरिकेत अमेलिया ब्लूमर हिने आपल्या 'द लिली' ह्या पत्रातून गुडघ्यापर्यंतच्या झग्याखाली घोळदार 'तुर्की' विजारीचा पुरस्कार केला. हा वेष तिच्या आधी एलिझाबेथ स्मिथ मिलर हिने घातला होता, पण नाव चिकटले ब्लूमरचे. धर्मोपदेशकांनी अनुवादातील वचन बाहेर काढले. चिखलात लोळणाऱ्या झग्यापेक्षा ही विजार अंग अधिक झाकते आणि आरोग्यालाही बरी, ह्या युक्तिवादाचा उपयोग झाला नाही; मतदानाच्या हक्काऐवजी सगळी चर्चा कपड्यांचीच होऊ लागली, हे पाहून पुढारी स्त्रियांनी काही वर्षांतच तो वेष सोडला.

विसाव्या शतकातील सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला विरोध म्हणजे जिनोआचे आर्चबिशप कार्डिनल जुझेप्पे सिरी ह्यांचे १२ जून १९६० चे पत्रक. धर्मगुरू, अध्यापिका जोगिणी, शिक्षक आणि कॅथलिक कार्यकर्ते ह्यांना उद्देशून ते लिहिलेले आहे. जिनोआत आतापर्यंत असा पोशाख बहुधा प्रवासी स्त्रीचा असे, पण आता शहरातल्याच मुली आणि गृहिणीही निदान सहलीला जाताना तो करू लागल्या आहेत, हे त्याचे निमित्त. सिरी ह्यांचा प्रामाणिकपणा असा, की पाटलोण स्वतःहून विनयाचा गंभीर भंग करते असे म्हणता येत नाही, कारण ती आधुनिक झग्यांपेक्षा अंग अधिक झाकते, हे ते आरंभीच मान्य करतात. ती अंगाला चिकटून बसते एवढीच त्यांची त्या बाजूची तक्रार. त्यांची खरी चिंता वेगळी आहे. पुरुषवेषाने स्त्रीची मनोवृत्ती बदलते, स्त्रीपुरुषांमधील नाते बिघडते आणि मुलांपुढे आईची प्रतिष्ठा उणावते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणजे लज्जेचा मुद्दा सोडून देऊन त्यांनी सीमेचा मुद्दा धरला. त्यांच्याशी असहमत होणाऱ्यालाही हे कबूल करावे लागेल, की वादाचे खरे स्थान त्यांनी अचूक ओळखले होते. जाता जाता असेही म्हणता येईल की ज्या 'पांतालोनी'विरुद्ध पत्रक निघाले तो शब्द इटालियन रंगभूमीवरील पांतालोने ह्या हास्यास्पद म्हाताऱ्याच्या नावावरून आला, आणि त्या पात्राचे नाव एका संताच्या नावावरून. आपली पाटलोण ह्याच वंशातली.

अमेरिकेतील होलिनेस आणि पेंटेकोस्टल मंडळ्यांपैकी काहींनी, उदाहरणार्थ १९४५ साली स्थापन झालेल्या युनायटेड पेंटेकोस्टल चर्चने, स्त्रियांनी पाटलोण घालू नये हा नियम पुढेही पाळला. तेथे तो केवळ वरून लादलेला नियम नाही. जगापासून आपण वेगळे आहोत ह्याची ती रोजच्या वापरातली खूण आहे, आणि ती अभिमानाने वागवणाऱ्या स्त्रियाही आहेत. अशा खुणेला समाजशास्त्रीय अर्थ निश्चित आहे. परंतु तिचा आधार म्हणून जेव्हा अनुवादाचे बाविसावे प्रकरण दाखवले जाते, तेव्हा त्याच प्रकरणातील अकरावे वचन, लोकर आणि ताग एकत्र विणलेले वस्त्र घालू नये असे सांगणारे, का पाळले जात नाही, ह्याचे उत्तर वचनात सापडत नाही. त्यासाठी नैतिक आज्ञा आणि विधिविषयक आज्ञा असा भेद बाहेरून आणावा लागतो. आणि कोणती आज्ञा कोणत्या वर्गात टाकायची हे पुन्हा रूढीच ठरवते.

युरोपाची ही रूढी सर्व ख्रिस्ती जगाची नव्हती, हे आशियाकडे पाहिले म्हणजे स्पष्ट होते. १६५९ साली रोमच्या धर्मप्रसार मंडळाने तोंकिन आणि कोचीनचायना ह्या, आजच्या व्हिएतनाममधील, प्रदेशांत जाणाऱ्या धर्माधिकाऱ्यांना सूचना दिल्या. लोकांच्या चालीरीती धर्माला आणि नीतीला उघड विरोधी नसतील तर त्या बदलू नका, युरोप तेथे नेऊ नका, असा त्यांचा आशय होता. निकोलसच्या पत्राची आठवण व्हावी असाच. त्याच देशात पुढे मिन्ह मांग ह्या राजाने (१८२०–१८४१) उत्तरेकडील स्त्रियांना घागरावजा वस्त्र सोडून विजार घालण्याचा हुकूम केला. हा राजा ख्रिस्ती लोकांचा कडवा विरोधक. पण त्या देशातील ख्रिस्ती स्त्रिया लांब अंगरख्याखाली विजार घालून पिढ्यानपिढ्या मिस्सेला जात आल्या, आणि तो स्त्रीवेषच समजला गेला. पंजाबातील ख्रिस्ती स्त्रियांच्या सलवारीविषयीही तेच म्हणता येते.

ह्याच्या उलट टोकाला गोवे आहे. तेथील इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानात देशी ख्रिस्ती पुरुषांना 'पुडवें' आणि स्त्रियांना चोळी वर्ज्य केली आहे; अ. का. प्रियोळकर ह्यांनी आपल्या १९६१ च्या ग्रंथात ह्या फर्मानाची चर्चा केली आहे. येथे अंग झाकण्याचा प्रश्न नव्हता, कारण चोळी अंग झाकणारीच. स्त्रीपुरुषांतील सीमेचाही नव्हता. येथे वस्त्राने आखलेली सीमा ख्रिस्ती आणि हिंदू ह्यांच्यामधली होती. मर्यादा हा शब्द एकच, पण तिसऱ्याच कुंपणासाठी वापरलेला.

आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तर हा सारा वाद मांडायचा कसा असाच प्रश्न पडतो. धोतर आणि नऊवारी लुगडे ह्या दोन्ही नेसणींत कासोटा पायांमधून नेऊन मागे खोचला जातो. दोन पाय निरनिराळे वेढले जातात. वस्त्राचा पायांत झालेला विभाग हीच जर पुरुषाची खूण मानायची, तर मराठी स्त्रीचा पारंपरिक वेष पुरुषी ठरेल. येथे भेद दाखवतात ते पदर, रंग, काठ आणि चोळी. मुंबई, साष्टी आणि वसई ह्या भागांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती स्त्रिया पोर्तुगीज अमलातून आणि त्यानंतर इंग्रजी अमलातून गेल्या, त्यांच्या घरातील पुरुषांनी कोट आणि पाटलोण उचलली, तरी लग्नाकार्याला आणि सणाच्या मिस्सेला त्यांचे नऊवारी लुगडे, कासोट्यासह, कायम राहिले.